तारीख आणि तिथी भेटल्या तो दिवस

पिंपरी-चिंचवडमध्ये डांगे चौकाजवळ मी इंग्रजी बोलण्याचा वर्ग चालवते. खाली झेरॉक्सचं दुकान, वर माझ्या दोन खोल्या. येणारे बहुतेक कंपन्यांतले. पहिली शिफ्ट सुटली की तसेच गणवेशात येऊन बसतात, डोळ्यांवर झोप, पायांत सेफ्टी शूज. ऑडिटला आलेल्या पाहुण्याशी चार वाक्यं न अडखळता बोलता यावीत, एवढीच त्यांची मागणी. मला मात्र शिकवताना चेव येतो आणि मी चाराची चाळीस करते. सवयच आहे, घरीही तेच ऐकून घेते.

मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी त्यांना 'टू द डे' शिकवत होते. फळ्यावर मोठं लिहिलं. म्हटलं, समजा तुम्ही एखाद्या तारखेला कंपनीत लागलात आणि दहा वर्षांनी नेमक्या त्याच तारखेला तुम्हाला बढती मिळाली, तर म्हणायचं, टेन इयर्स टू द डे. बरोब्बर दहा वर्षं, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. आठवडाभर कमी असेल तर हे वापरायचं नाही. यात 'साधारण' नाही, 'जवळपास' नाही, आणि आपलं लाडकं 'असेल तेवढंच' तर मुळीच नाही.

मागच्या बाकावरून हात वर आला. हा चाकणला प्रेसवर काम करतो, मूळचा बीडकडचा, मिशी अशी की मला वर्गात त्याला 'बस खाली' म्हणायला अजून धीर होत नाही.

"म्याडम, पण तिथीनं का तारखंनं?"

वर्ग खदखदून हसला. मीही हसले आणि 'तारखेनेच, इंग्रजीत कुठली आलीय तिथी' असं म्हणायला तोंड उघडलं. पण 'उद्या सांगते' म्हणून फळा पुसायला लागले. कारण हाच प्रश्न आमच्या घरात अडतीस वर्षं भांडणाचा आहे, आणि त्याचा निकाल काही लागलेला नाही.

हे भांडण माझ्या आई-बाबांचं. दोघंही लातूरकडचे. बाबा डाय-फिटर. म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसमध्ये जो साचा बसवतात, तो बसवणारे. ते सांगतात, वरच्या भागाला पंच म्हणतात आणि खालच्याला डाय, आणि दोघांच्या मधे केसाएवढी जागा सोडावी लागते. ती चुकली की पत्रा फाटलाच. असं सगळं आयुष्य केसाएवढ्या जागेत काढलेला माणूस घरी मात्र भलताच सैल. येतो म्हणाले की येत नाहीत, आणतो म्हणाले की आणत नाहीत, आणि 'पुढच्या वेळी नक्की' हे त्यांचं जन्माचं पालुपद.

त्यांचं लग्न झालं तेव्हा बाबा पिंपरीतल्या एका कंपनीत नुकतेच लागले होते. रजा मिळाली ती जेमतेम. गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या, आणि नवरी घेऊन घरी जावं तर आत्यांनी दार अडवायचं, उखाणा घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही, हे ठरलेलं. आईने तर आपला उखाणा पाठ करून ठेवला होता आणि नवरदेव काय म्हणतो याची तिला कोण उत्सुकता. पण बाबा म्हणाले, दारात अडवलं तर रात्रीची एसटी चुकेल आणि एसटी चुकली तर नोकरी. दोघं मांडवातूनच स्टँडवर गेली. उखाणा राहिला. "नंतर घेतो," बाबा म्हणाले.

ते 'नंतर' काही आलं नाही. माझे बाबा आईला नावाने हाक मारत नाहीत. 'अगं', 'ऐकलं का', फार लाडात आले तर 'ए'. त्यांच्या तोंडून आईचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. बँकेत सुद्धा 'मिसेसचं खातं' म्हणतात. आणि आईचं म्हणणं एकच: लग्नाच्या दिवसाचं राहिलंय ते लग्नाच्या दिवशीच फेडा, इतर दिवशी घेतलं तर ते मी धरणार नाही.

आता गंमत बघा. लग्नाचा दिवस कुठला? आई म्हणते वैशाख वद्य पंचमी. बाबा म्हणतात तारीख, कंपनीत सगळं तारखेवर चालतं. दरवर्षी पंचमीला आई शेवयांची खीर करते आणि बाबांकडे बघते. बाबा म्हणतात, "आज कुठं? तारीख पुढच्या हप्त्यात हाय." पुढच्या हप्त्यात तारीख येते, बाबा जिलबी आणतात, आई विचारते, "मग, उखाणा?" बाबा म्हणतात, "तूच म्हणतीस ना दिवस पंचमीचा. पंचमी तर गेली." ज्या वर्षी तारीख आधी येते त्या वर्षी हेच उलट्या क्रमाने. असा हा माणूस. दरवर्षी दोन दगडांवर पाय ठेवून कोरडा पलीकडे जायचा.

त्या संध्याकाळी वर्ग सुटल्यावर मी घरी आले आणि तो बीडकराचा प्रश्न आईला विनोद म्हणून सांगितला. ती कोथिंबीर निवडत होती. हसली नाही. उठली, पदराला हात पुसले आणि भिंतीवरचं कॅलेंडर उलटून मे महिन्यावर आणलं.

"औंदा एकाच दिवशी हायत," ती म्हणाली.

"काय एकाच दिवशी?"

"तारीख अन् पंचमी. कॅलेंडर आणलं त्याच दिवशी बघून ठेवलंय मी. तुम्हा बापलेकीला कशाचं काय."

मी जाऊन बघितलं. खरंच! लग्नाच्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरांत वैशाख वद्य पंचमी. मी चक्क ओरडले. तुम्हाला माहीत असेलच, नसेल तर सांगते: चंद्राचं आणि सूर्याचं गणित एकोणीस वर्षांनी पुन्हा जुळतं, आणि जी तारीख ज्या तिथीला होती ती पुन्हा तिच्यावर येऊन बसते. कधी एखादा दिवस मागेपुढे होतो, पण यांच्या नशिबात तोही झाला नव्हता. लग्नाला अडतीस वर्षं म्हणजे एकोणीस दुणे अडतीस. तारखेने म्हणा, तिथीने म्हणा, थर्टी-एट इयर्स टू द डे! बाबांना पळायला दोन्हीकडून रस्ता बंद!

आणि मग मला पहिली एकोणीस वर्षं भरली तो दिवस आठवला आणि माझा उत्साह जरासा आवरला. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आईने तेव्हाही कॅलेंडर बघून ठेवलं होतं. दोन पाट मांडले होते, खीर केली होती, अंबाड्यात गजरा माळला होता. बाबांच्या कंपनीत कुठलीशी मोठी ऑर्डर आली होती, त्यांनी एका शिफ्टला जोडून दुसरी केली आणि ते आले दुसऱ्या दिवशी सकाळी. तारीखही बदललेली, तिथीही. आई पाट उचलत होती. बाबांना तेव्हा खरंच वाईट वाटलं. म्हणाले, "पुढच्या येळी नक्की. बघ तू."

आई म्हणाली, "पुढची वेळ म्हणजे एकोणीस वर्षांनी."

बाबा हसले. "मग तर लै झ्याक. तवर रिटायर झालो असन. दिवसभर घरीच की!"

आता ती पुढची वेळ आली होती. बाबा रिटायरही झाले होते. पण घरी बसणाऱ्यातले ते नव्हेत. चाकणला एका लहान वर्कशॉपमध्ये आठवड्यातून काही दिवस जाऊन नव्या पोरांना डाय बसवायला शिकवतात. पण त्या दिवशी सुट्टी घ्यायची, हे त्यांनी आपणहून कबूल केलं. आईच्या समोर बसून, माझ्या साक्षीने. कारण सगळ्यांनाच कळत होतं: ही वेळ हुकली तर त्यापुढची वेळ येईल तेव्हा बाबांचं वय एक्याऐंशी असेल.  

वर्गात मी उत्तर सांगितलं तर काय तो गोंधळ! सगळे आपापली एकोणीस वर्षं मोजायला लागले. कुणाची नोकरीची, कुणाची मुलीच्या जन्माची. बीडकर मिशीवाला म्हणाला, "म्याडम, माझ्या लग्नाला आत्ता कुठं सहा झालीत. मला लै थांबावं लागल." इंग्रजी राहिलं बाजूला. वर्गाच्या ग्रुपवर रोज एक जण विचारायचा, बाबांचा उखाणा झाला का पाठ?

झाला नव्हता. मी त्यांना मोबाइलवर शोधून दहा-बारा पाठवले. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि नाकारले. एकात गुलाब होता, एकात ताजमहाल. "ताजमहाल कवा बघितला मी? प्रेसशॉप बघितलं जन्मभर." पण रोज सकाळी न्हाणीघरात नळ सोडून ते काहीतरी पुटपुटायचे, आणि मी दाराशी कान लावला की नळ मोठा करायचे.

तो दिवस उजाडला. आईने पहाटेच उटणं काढलं. बाबांनी दाढी घोटून केली, मी घेतलेला नवा फिक्कट निळा शर्ट घातला आणि सोफ्याच्या कडेला असे बसले जसे मुलाखतीला आलेत. मी वर्गाला सुट्टी देऊन टाकली होती. संध्याकाळी गोरज मुहूर्ताच्याच वेळी पाटावर बसायचं, असं ठरलं होतं. मला तर सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. कारण नसताना तीनदा खाली जाऊन आले, दोनदा गजरे आणले.

दहाच्या सुमाराला बाबांचा फोन वाजला. चाकणचा मालक. डाय अडकली होती, प्रेस बंद, पोरांनी खटपट करून अजून घट्ट करून ठेवली होती, आणि संध्याकाळपर्यंत माल गेला नाही तर पुढे गिऱ्हाइकाची लाइन थांबणार होती. फोन लाउडस्पीकरवर नव्हता, पण मालक एवढा ओरडत होता की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

बाबा फोन हातात धरून आईकडे बघत राहिले.  मलाच राहवलं नाही. "अजिबात जायचं नाही, बाबा! मागच्या वेळी काय झालं ते विसरलात का? मीच सांगते त्यांना फोनवर!" मी अक्षरशः त्यांच्या हातातून फोन ओढायला गेले.

आई म्हणाली, "जाऊ दे त्यांला." मग बाबांना म्हणाली, "जावा. पर पंचमी साडेसहाला संपती. साडेसहाच्या आत आलात तर आलात, नसता गेली म्हणून समजा."

"चारलाच येतो की!" बाबा म्हणाले. नवा शर्ट काढून घडी करून खुर्चीवर ठेवला, जुना घातला आणि गेले.

मी आईवर चिडले. अशा वेळी सुद्धा पडतं घेतेस, म्हणून तुझं काहीच होत नाही, असं बरंच काही बोलले. आई शेवया भाजत होती. "तुझं झालं का? दूध बघ, उतू जाईल," म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण दूध खरंच उतू जात होतं.

दोन वाजले. तीन वाजले. चार वाजता बाबांचा फोन: "झालं बघ. हात घरी येऊन धुतो. निघायलोच." मी आनंदाने टाळी वाजवली. पाच वाजता पुन्हा फोन, आणि आवाज बारीक. मालकाने गाडी दिली होती, पण ती मोठ्या रस्त्यावर येऊन अडकली होती. चाकणचा रस्ता म्हणजे काय सांगायचं! कांद्याचे ट्रक, कंटेनर, कंपन्यांच्या बसेस, सगळे एकमेकांच्या शेपटीला नाक लावून. "पाऊण घंट्यात दोन गाड्या पुढं सरकलो," बाबा म्हणाले. मागे कुणीतरी सतत हॉर्न वाजवत होतं.

मी पटकन ग्रुपवर लिहिलं: बाबा चाकणमध्ये अडकलेत. लिहिलं ते चडफडून, मदतीच्या आशेने नव्हे. पण मिनिटभरात मिशीवाल्याचं उत्तर आलं. त्याची पहिली शिफ्ट सुटली होती आणि खोली तिथेच चाकणला. "लोकेशन टाका म्याडम. गाडीवर आणतो. मधल्या रस्त्यानं." लगोलग बाकीच्यांचे अंगठे, हात जोडलेले, पळणारे घोडे. मी बाबांना फोन करून सांगितलं, मिशी बघा आणि गाडीतून उतरा.

मागे वळून बघते तर आई दारात उभी. लग्नातला हिरवा शालू नेसलेली! तो मी फक्त कपाटात बघितला होता. कापडी पिशवीत ताम्हण, निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, आणि वेगळ्या डब्यात खीर.

"काढ तुझी गाडी."

"कुठे?"

"तिकडून ते यायलेत ना? इकडून आपण जाऊ. एकोणीस वर्षं घरात बसून वाट बघितली. आता न्हाई बसायची मी."

मला हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. मिशीवाल्याला विचारलं तर म्हणाला, निघोजेवरून मोईला येतो, मोईच्या पुलापाशी थांबा, तिथून चिखली तुमच्याकडेच. आम्ही निघालो. आईने शालूचा पदर कमरेला खोचला, हेल्मेट घातलं, पिशवी मांडीत धरली. एरवी ही बाई मागे बसली की सारखी म्हणते, हळू, हळू, ब्रेक दाब. त्या दिवशी चिंचवडच्या सिग्नलला म्हणाली, "जाऊ दे की, पिवळाच हाय अजून!" मी नाही गेले, तर पाठीत बोट खुपसलं. शेजारच्या रिक्षातली बाई आईकडे बघून हसली. आईने तिला हेल्मेटमधूनच सांगून टाकलं, "लग्नाचा वाढदिवस हाय आमचा!" आमची आई, जी शेजारणीला साखर मागतानाही दहादा विचार करते!

पुलाच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे. तिथे कंपनीच्या बसची वाट बघत दहा-बारा जण उभे होते, गळ्यात ओळखपत्रं, खांद्याला डबे. आम्ही पोचलो तेव्हा सव्वासहा होत होते. मी पुलाकडे तोंड करून उभी राहिले. येणारी प्रत्येक मोटारसायकल मला त्यांचीच वाटे आणि जवळ आली की दुसरीच निघे. सहा वीस. सहा पंचवीस. आई बाकावर बसून चहा पीत होती. बशीत ओतून, फुंकर मारून.

"आई, चहा कसला पितेस! संपत आली ना पंचमी!"

"तुला पाहिजे का? आलं घातलंय बघ."

साडेसहा झाले. घड्याळाकडे बघून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या जवळ येऊन! मी बाकावर येऊन बसले. मनात आलं, बाबांनी पुन्हा तेच केलं, आणि त्यांचा दोष तरी कुठे होता, आणि तरी दोष त्यांचाच होता.  ग्लास-बशी परत करून आईने ताम्हणात निरांजन ठेवलं आणि वात सारखी केली.

आणि पुलावरून मिशी आली! वाऱ्याने दोन्हीकडे उडालेली. मागे बाबा, दोन्ही हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे, मोटारसायकलवाल्याचा शर्ट घाण होऊ नये म्हणून हवेत वर धरलेले. पोलिसांना शरण आल्यासारखे. गाडी थांबायच्या आधीच ते उतरले, धडपडले, सावरले.

"गेली का गं?" त्यांनी विचारलं. चेहरा असा, की मी सकाळी बोललेलं सगळं मला परत घ्यावंसं वाटलं.

आई म्हणाली, "बसा आधी."

टपरीवाल्याने दोन स्टुलं शेजारी-शेजारी मांडली. तेच पाट. वाऱ्याने निरांजन राहीना, तेव्हा मिशीवाल्याने आपलं हेल्मेट काढून ज्योतीभोवती धरलं. मी दोघांना ओवाळलं. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. बससाठी उभे असलेले सगळे गोल करून उभे राहिले होते. काय चाललंय हे मिशीवालाच त्यांना सांगत होता, जरा तिखटमीठ लावून.

"पण आई," मी म्हटलं, मला राहवेना, "पंचमी तर संपली ना आता?"

"कशानं संपली? सूर्य उगवताना जी तिथी असती तीच दिवसभर धरायची. एवढं बी ठाऊक न्हाई, अन् लोकांला शिकवतीस!"

 बाबा म्हणाले, "आगं, मग साडेसहा कामून सांगितलं? जीव घेऊन पळालो की मी!"

"तुम्हाला शिफ्टच्या टायमाबिगर दुसरं काय कळतंय का? सांजच्याला या म्हणाले असते तर उद्या सकाळी आला असता. मागल्या बारीसारखं."

सगळी टपरी हसली. बाबाही हसले, मान खाली घालून. आईने पदर सारखा केला. तिने मागितलं नाही. अडतीस वर्षांत पहिल्यांदा तिने तोंडाने मागितलं नाही, नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. आज तारीख होती आणि पंचमीही होती.

बाबांनी घसा साफ केला. काळे हात गुडघ्यांवर ठेवले, पुन्हा उचलले. रस्त्यावर कंपनीची बस येऊन उभी राहिली होती, तिचा हॉर्न वाजला, पण कुणी हललं नाही. ड्रायव्हरही खिडकीतून बघायला लागला. मला वाटलं, आता म्हणतील 'घरी गेल्यावर घेतो'. आणि बाबा म्हणाले,

"वर असतो पंच अन् खाली असती डाय..."

थांबले. कपाळाला घाम. मग त्यांनी आईचं नाव घेतलं. ते मी इथे लिहिणार नाही. इतकी वर्षं थांबून जे मिळालं ते तिचं तिच्याकडेच असू दे. आधी बारीक आवाजात घेतलं, मग मान वर करून पुन्हा एकदा, नीट.

"...चं नाव घेतो, आता बाकी ऱ्हायलं काय!"

काय ओरडले सगळे! शिट्ट्या, टाळ्या, बसचा हॉर्न. मिशीवाला हेल्मेट हवेत उडवून म्हणाला, "थर्टी-एट इयर्स टू द डे, म्याडम! तिथीनं बी अन् तारखंनं बी!" वर्षभरात त्याच्या तोंडून निघालेलं इंग्रजीचं ते पहिलं न अडखळलेलं वाक्य. मी हसत होते आणि डोळे पुसत होते. आई हसत नव्हती. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि ती शालूच्या काठावर अंगठा फिरवत होती, कुणी नवीन मुलगी बसावी तशी.

बस गेली. माणसं पांगली. आम्ही टपरीच्या ग्लासांतून खीर वाटली, मिशीवाल्याला दोनदा. बाबांच्या हाताला ग्रीस होतं म्हणून आईने त्यांना चमच्याने भरवली, चारचौघांत, काही न वाटता. ऊन उतरलं होतं आणि इंद्रायणीवरून जरा गार वारा येत होता.

"स्टुलावर बसवलं तुला," बाबा म्हणाले. त्यांना ते लागलं होतं. "पाट मांडून ठेवले असशील घरी."

"हौ."

"पुढच्या येळी घरीच. पाटावर. नक्की."

मी आईकडे बघितलं. मागच्या वेळी तिनेच त्यांना हिशेब सांगितला होता, पुढची वेळ म्हणजे किती वर्षांनी ते. या वेळी तिने नाही सांगितला. खिरीचा डबा बंद केला, पिशवीत ठेवला, आणि त्यांच्या कपाळावरचं घामाने ओघळलेलं कुंकू पदराच्या टोकाने पुसत म्हणाली, "बघा हं. मी वाट बघीन."